पांढरा गुलाब आणि मराठवाड्याचं ऊन: एका अत्तराच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, छत्रपती संभाजीनगर

काम एका ओळीत लिहून ठेवते: पांढऱ्या गुलाबाचं हलकं अत्तर, उन्हाळ्यात अंगाला लावता येईल असं. दोन रूपं करायची. एक तेलातलं रोल-ऑन, अल्कोहोल नसलेलं, दुसरं फवाऱ्याचं. मुदत एप्रिल-मेची लग्नसराई.

आपल्याकडे लग्नात अत्तर-गुलाब अजून चालतं. दारात कुणीतरी गुलाबदाणी घेऊन उभं असतं, दुसरं कुणी पाहुण्यांच्या मनगटाला अत्तराचं बोट लावतं. पद्धत छान, अत्तर मात्र बहुतेक वेळा जाड, गोड, डोकं धरणारं. मे महिना, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचं मंगल कार्यालय आणि तो वास! पुढचं लिहायला नको.

औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, बरीच वर्षं काढली. तिथला नियम एकच, लिहिलं नाही ते झालं नाही. म्हणून ही वही. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतचा, काचेचे ड्रॉपर, वास घ्यायच्या कागदी पट्ट्या, तपकिरी बाटल्या. प्रत्येक बाटलीवर बॅच आणि तारीख.

१६ फेब्रुवारी

आधी फूल. नर्सरीतून आणलेला आइसबर्ग गच्चीवर फुललाय. जर्मनीतल्या कोर्डेस या गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या नर्सरीने १९५८ साली आणलेला हा गुलाब आपल्याकडे कुठेही मिळतो. वास अगदी बारीक. सकाळी सातला गेलं तर थंड, किंचित हिरवा, मागे मधाचा पुसट थर. दहाला ऊन चढलं की नाक पाकळीला टेकवावं लागतं. गुलाबाचं तेल काढणारे लोक सूर्योदयाच्या आसपास फुलं खुडतात ते काही हौस म्हणून नाही; ऊन चढत जातं तसं पाकळीतलं तेल उडतं.

फुलबाजारातून पॉलिहाऊसचे पांढरे गुलाबही आणले. दिसायला देखणे, वासाला काहीच नाही. फुलदाणीत टिकावं, बॉक्समधून प्रवास करावा यासाठी ज्या जाती निवडल्या गेल्या त्यांत वास मागे पडला. २०१५ साली ‘सायन्स’ मासिकात फ्रेंच संशोधकांचं काम आलं होतं. गुलाब जिरानिऑल (त्याच्या वासातला एक मुख्य घटक) बनवतो ते इतर झाडांच्या नेहमीच्या मार्गाने नव्हे, तर एनयूडीएक्स१ नावाच्या वेगळ्याच एन्झाइमच्या मदतीने, असं त्यात दाखवलं. हे एन्झाइम ज्या गुलाबात थंड पडलेलं असतं, तो गुलाब नुसता दिसायला.

अत्तराच्या दुनियेतला खरा पांढरा गुलाब म्हणजे रोझा आल्बा. बल्गेरियात कझानलाकच्या खोऱ्यात तो लावतात, पुष्कळदा गुलाबी दमास्क गुलाबाच्या शेताला कुंपण म्हणून. त्याचा तेलाचा उतारा दमास्कपेक्षा कमी. आणि दमास्कचाच उतारा असा की एक किलो तेलाला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे आल्बाचं तेल आपल्या बजेटात बसत नाही. वास बांधावा लागणार.

कुठला वास, ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको: सकाळी सातचा. थंड, पाणीदार, थोडा चहाच्या पत्तीसारखा, लिंबाची कड असलेला. गुलकंद नको.

२३ फेब्रुवारी

शहागंजच्या बाजारात. पुढच्या आठवड्यात रमजान लागतोय, त्यामुळे अत्तराच्या दुकानांत नवा माल उतरलाय. मी ज्या चाचांकडून वर्षानुवर्षं घेते त्यांच्याकडे गेले. ‘सफेद गुलाब’ मागितल्यावर त्यांनी बाटली काढली आणि काचेची काडी माझ्या मनगटावर टेकवण्याआधीच सांगितलं, “बेटी, इसको भट्टी का नक्को समझो. कम्पौंड है.”

हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. भट्टीचं म्हणजे उत्तर प्रदेशातल्या कनौजकडचं, देग-भपक्याने गाळलेलं. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, भपक्यात चंदनाचं तेल आणि भपका थंड पाण्याच्या हौदात. चंदनाचं तेल महाग होत गेलं तसं बऱ्याच जणांनी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरायला सुरुवात केली. कम्पौंड म्हणजे सुगंधी रसायनं आणि तेलं मिसळून बांधलेला वास. मी करायला निघालेय तेही कम्पौंडच. त्यात कमीपणा काही नाही, कम्पौंडला भट्टीचं म्हणून खपवण्यात आहे.

चाचांचं सफेद गुलाब पहिल्या मिनिटाला सुंदर. दहा मिनिटांत साबण. तासाभराने नुसतं गोड मस्क, गुलाब गायब. त्यांच्याकडे रूह गुलाब, म्हणजे फुलांचं निव्वळ गाळलेलं तेल, होतं, तोळ्याच्या भावाने. भाव ऐकून काडीवरचाच वास घेतला. घट्ट, मधाळ, लवंगेची कड, खाली मेणासारखं काहीतरी. श्रीमंत वास. पण मला हवा तो नव्हे.

२ मार्च

गुलाबाचं रसायन थोडं उलगडून लिहिते, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

फुलाच्या पाकळीत फिनाइल इथाइल अल्कोहोल भरपूर असतं. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. त्यामुळे भट्टी लावली की त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो, गुलाबपाण्याला तो ओळखीचा मवाळ वास येतो तो त्याचाच. वर तरंगणाऱ्या तेलात राहतात सिट्रोनेलॉल, जिरानिऑल, नेरॉल आणि मेणासारखे घटक. याच मेणामुळे असली गुलाब तेल थंडीत बाटलीत गोठतं. द्रावकाने काढलेल्या ऍब्सोल्यूटमध्ये मात्र फिनाइल इथाइल अल्कोहोल निम्म्याहून जास्त सापडतं. म्हणजे भट्टीचं तेल आणि झाडावरचं फूल यांच्या वासात फरक पडतो तो असा.

यातून माझ्यापुरतं उत्तर मिळालं: पांढरा गुलाब तेलाच्या नाही, गुलाबपाण्याच्या बाजूने बांधायचा.

पहिली जुळणी, शंभर भागांत: फिनाइल इथाइल अल्कोहोल ३८, हेडिओन २२, सिट्रोनेलॉल १४, आयसो ई सुपर (कोरड्या लाकडाच्या वासाचं रसायन) १०, मस्क (तळाला राहणारा, टिकणारा वास) ८, जिरानिऑल ६, आणि उरलेल्या २ मध्ये बीटा आयोनोन, रोझ ऑक्साइड, कापलेल्या गवताचा वास देणारं हेक्झेनॉल. ही जुळणी नारळाच्या फ्रॅक्शनेटेड तेलात १५ टक्के. हे तेल थंडीत गोठत नाही आणि त्याला स्वतःचा वास नाही.

हेडिओनबद्दल एक ओळ. मोगऱ्या-जाईच्या जातीचा, पण फुलापेक्षा हवेचा वास. १९६६ साली ‘ओ सॉव्हाज’ या अत्तरात फ्रेंच अत्तरकार एदमों रुदनित्स्काने ते वापरलं आणि तिथून ते सगळीकडे गेलं. एकटं हुंगलं तर “यात काय आहे?” असं वाटतं. गुलाबात घातलं की पाकळ्यांमधून वारा जातो.

जिरानिऑलचा डबा उघडला तर रोशा गवताचा झणका. पुरवठादाराने पत्रकात लिहिलेली प्रत ही नव्हे, परत पाठवलं. गंमत अशी की याच रोशा गवताचं तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिकडे गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जायचं. खानदेश-निमाडकडचं गवत, आणि जगभर गुलाब म्हणून मिरवून आलं.

५ मार्च

पट्टीवर तीन दिवसांनीसुद्धा सुरेख वास. हातावर दीड तासात संपला. यापुढे पट्टी फक्त मिश्रण चुकलं का ते बघायला. निर्णय कातडीवर.

१६ मार्च

आजची नोंद लांब होणार.

कातडीवरची चाचणी अशी: कोपराच्या आतल्या बाजूला, बिनवासाच्या साबणाने धुऊन, अर्धा तास कोरडं ठेवून, रोल-ऑनची एक फिरकी. चोळायचं नाही. चोळल्याने वासाचे रेणू मोडतात असं लोक सांगतात, तसं काही होत नाही. घर्षणाने कातडी तापते आणि वरचे हलके घटक लवकर उडून जातात एवढंच. वास तीन अंतरांवरून बघायचा: कातडीला नाक टेकवून, वितीवरून, आणि शेजारी बसलेल्या माणसाने.

तीन हात होते. माझा, वहिनीचा आणि अंबाजोगाईहून आलेल्या मावशीचा.

माझी कातडी कोरडी, मार्चमध्येच नखाने ओढलं की पांढरी रेघ उठते. तेल लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हेक्झेनॉलची हिरवी कड आणि रोझ ऑक्साइडची लिचीसारखी चमक. दहाव्या मिनिटाला चमक गेली. विसाव्या मिनिटाला जे आलं ते मला हवं होतं: ओली पाकळी, थंड, जवळजवळ चहा. ते पाऊण तास राहिलं. मग गुलाब पातळ होत गेला, खालून आयसो ई सुपरचं कोरडं लाकूड दिसायला लागलं, आणि दोन तासांनी कातडीला नाक टेकवल्यावर नुसती स्वच्छता. हातावर तेलाची चकाकीसुद्धा उरली नव्हती, कातडीने पिऊन टाकलं.

वहिनीची कातडी तेलकट. तिच्या हातावर हिरवी कड आलीच नाही म्हटलं तरी चालेल, पण सिट्रोनेलॉल पुढे आलं. गुलाब जरा भरलेला, गुलाबीच. अडीच तास स्पष्ट. त्यानंतर ती म्हणाली, “ताई, संपलं.” मी हुंगलं तर मस्क ठणठणीत होता. तिला परत विचारलं, तिला काहीच नाही. मग शुद्ध गॅलॅक्सोलाइडची (जुळणीत घातलेला मस्क तो हाच) पट्टी दिली, तरी काही नाही. असं असतं. काही नाकांना काही मस्क येतच नाहीत, आणि कुणाला कुठला येत नाही ते ज्याच्या त्याच्यावर. म्हणून अत्तरवाले एकाच मस्कवर कधी विसंबत नाहीत. पुढच्या जुळणीत गॅलॅक्सोलाइड निम्मं करून इथिलीन ब्रासिलेट हा दुसरा मस्क घालायचा. तो वहिनीला येतो, तपासलं.

मावशीचं सगळ्यात वेगळं निघालं. साठीच्या पुढचं वय, पातळ सुरकुतलेली कातडी. माझा अंदाज होता की तिच्या हातावर सगळ्यात आधी उडेल. संध्याकाळी पाचला ती म्हणते, “आता बी यायलाय की वास.” खरंच येत होता, गुलाबासकट. कारण विचारलं तर कळलं, मावशी आंघोळीनंतर हातापायाला खोबरेल चोळते, रोज, लहानपणापासून. मी धुऊन घेतला होता तो तेवढाच तुकडा. आजूबाजूची आणि आतली कातडी तेलाने मुरलेली. वासाचे घटक तेलात विरघळतात, तिथून हळूहळू सुटतात. कोरड्या कातडीत धरून ठेवायला काही नाही.

लोक म्हणतात अत्तर ज्याच्या त्याच्या रक्तावर जातं, कातडीच्या आम्लतेवर जातं. असेल थोडंफार. पण या तीन हातांत जो फरक दिसला तो तेल, ओलावा आणि उष्णता या तीन गोष्टींत बसतो.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढीला साखरगाठी घालताना रोल-ऑन लावलं, दिवसभर पाहुणे. उद्या ईद, त्यामुळे शेजारच्या आपांना एक बाटली देऊन आले. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: “किती वेळ टिकतं?”

कुणीही विचारलं नाही की वास कसा आहे.

१३ एप्रिल

पारा ४० च्या आसपास. याच दिवसांसाठी तर हे अत्तर करतेय.

एरवी कातडीचं वरचं तापमान ३२ ते ३४ अंश. बाहेर उन्हातून आलं की ते चढतं, आणि प्रत्येक घटकाचं उडणं वाढतं. हलक्या घटकांचं पहिल्यांदा जाणवतं. आज दुपारी औरंगपुऱ्यातून गुलमंडीपर्यंत चालत जाऊन आले. निघताना लावलेला गुलाब गुलमंडीला पोचेस्तोवर लाकूड झाला होता. घामाने फारसं धुतलं असं नाही, घाम इतक्या कोरड्या हवेत साचतच नाही. उष्णतेने पळवलं.

घरी कूलरसमोर उलटं. पंधरा मिनिटांपूर्वी संपलेला वाटणारा वास परत आला. कूलरची हवा ओली, नाकाच्या आतली कोरड गेली, आणि जे थोडं कातडीवर होतं ते पुन्हा जाणवायला लागलं. मात्र मोठी अडचण आहे: कूलरला वाळ्याच्या ताट्या आहेत. ओला वाळा आणि पांढरा गुलाब एकत्र इतके छान लागतात की मी अर्धा तास मीच केलंय हे सगळं असं समजून बसले असते. चाचणी रद्द, ताट्या साध्या गवताच्या लावलेल्या खोलीत पुन्हा घेतली.

पण सुचलं ते चांगलं सुचलं. वाळ्याचं तेल अगदी थोडं, अर्ध्या टक्क्याच्या आत, तळाला. आयसो ई सुपरचं लाकूड या उन्हात फार कोरडं वाटतं. वाळ्याने तेच लाकूड ओलं होतं. त्याहून जास्त घातलं तर लोक “खस आहे का?” विचारतील.

२० एप्रिल

एका ओळखीच्या लग्नात मोगऱ्याच्या गजऱ्यासमोर चाचणी. गजरा जिंकला, काही विचारू नका. मोगऱ्यात इंडोल असतं, जड आणि पसरणारं. त्याच्या हातभर अंतरात पांढरा गुलाब ऐकू येत नाही. मानेला, कानामागे लावणं वाया. कोपराच्या आत लावलं तर हात वर केल्यावर, कुणाला काही देताना, गुलाब वेगळा येतो. बांगड्या भरलेल्या मनगटालाही लावून उपयोग नाही, सगळं बांगड्यांवर जातं.

आणि पैठणी. तेलातलं अत्तर रेशमावर पडलं तर डाग बसतो. आमच्या भागात पैठणीवर तेलाचा डाग म्हणजे घरात आठवडाभर चर्चा. साडी नेसायच्या आधी लावा, असं बाटलीसोबतच्या कागदावर ठळक छापायचं.

सुती कपड्यावर वास संध्याकाळपर्यंत राहतो हे खरं. पण तो तसाच राहतो, हलत नाही. हातावर तो सकाळी सातपासून दहापर्यंतचा गुलाब होतो. मला दुसरं जास्त आवडतं.

२७ एप्रिल

पाडव्यापासून डोक्यात तो प्रश्न फिरतोय, म्हणून एकदा टिकणारी आवृत्ती करूनच बघितली.

डमास्कोन घातलं. हा घटक आणि त्याचं भावंड डमास्केनोन असली गुलाब तेलात टक्क्याच्याही लहानशा अंशात असतात, पण वासात त्यांचा वाटा मोठा. फोडणीतल्या हिंगासारखा हिशेब. सोबत ऍब्सोल्यूट दोन टक्के, फिनाइल इथाइल अल्कोहोल कमी, सिट्रोनेलॉल जास्त, मस्क दुप्पट.

टिकलं. सहा तास, उन्हात चार. शेजारच्या खोलीत कळत होतं. भाच्याने दारातूनच विचारलं, “आत्या, जॅम केलाय का?”

जॅमच होता. शिजलेला, लाल, सफरचंद आणि मनुके असलेला गुलाब. चांगला होता, विकलाही जाईल. पण १६ फेब्रुवारीला लिहिलेलं वाक्य समोर आहे, आणि त्यातला एक शब्दही या बाटलीला लागू पडत नाही.

इथे माझं मत स्पष्ट लिहिते. पांढऱ्या गुलाबात जे आवडतं ते सगळं हलक्या घटकांत आहे: पाणी, हिरवेपणा, लिंबाची कड. हलकं ते उडणारच. ते उडू नये म्हणून जड काही घातलं की वास टिकतो, पण दुसऱ्याच फुलाचा. मस्क आणि लाकूड तळाला ठेवून उडण्याचा वेग थोडा कमी करता येतो, थांबवता येत नाही. तेव्हा “किती वेळ टिकतं” याला माझं उत्तर: दोन-तीन तास, आणि त्यानंतर परत लावायचं. तेवढ्यासाठीच बाटली ६ मिलिची, पर्समध्ये मावणारी. जे मला पाच-सहा तासांचं उत्तर देतील त्यांचा पांढरा गुलाब मला एकदा हातावर बघायचाय.

जॅमची बाटली वहिनीने मागून नेली.

११ मे

कागदपत्रांचा दिवस, थोडक्यात.

फवाऱ्याचं रूप सध्या बाजूला. सुगंधासाठी लागणारं अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कक्षेत येतं. परवान्याशिवाय साठवता येत नाही आणि मला घरात ड्रम ठेवायचा नाही. शिवाय या हवेत अल्कोहोल कातडीवरून क्षणात उडतं आणि वरचे घटक सोबत नेतं. थंडाव्यासाठी छान, गुलाबासाठी नाही. रोल-ऑन विकायचं तर तेही कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली येतं, उत्पादनाचा परवाना हवा. परवानाधारक युनिटकडून लोन लायसन्सवर, म्हणजे त्यांच्या कारखान्यात आपल्या नावाने, करून घेण्याची बोलणी सुरू आहेत. तोपर्यंत घरच्या आणि ओळखीच्यांनाच, पैसे न घेता.

सुरक्षेचं: जिरानिऑल, सिट्रोनेलॉल, आणि असली तेल घातलं तर युजेनॉल (लवंगेच्या वासाचं), हे ऍलर्जी देऊ शकणारे घटक म्हणून युरोपात लेबलवर लिहावे लागतात. आपल्यावर ते बंधन नसलं तरी मी लिहिणार. डमास्कोनच्या गटाला इफ्राची (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) कडक मर्यादा आहे, माझं प्रमाण त्याच्या बरंच खाली. जुन्या पुस्तकी सूत्रांमध्ये पांढऱ्या फुलांसाठी लिलिअल नावाचं सुगंधी रसायन सर्रास सापडतं. ते १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत बंद आहे, म्हणून सुरुवातीपासून हात लावला नाही.

“नॅचरल आहे ना?” हा प्रश्न आता बरेच जण विचारतात. उत्तर: बहुतांश नाही. आणि नॅचरल म्हणजे निर्धोक असंही नाही. असली गुलाब तेलातलं मिथाइल युजेनॉल हेच इफ्राच्या मर्यादेत आहे.

२५ मे

गेले काही दिवस अवकाळी. मे महिन्यात असा पाऊस, आंबेवाले आणि कांदेवाले हवालदिल आहेत. चाचणीला मात्र ही हवा मिळायलाच हवी होती.

तीच बॅच, तोच हात, हवा ओली आणि पारा खूपच उतरलेला. हिरवी कड पाऊण तास. गुलाब तीन तासांच्या पुढे, आणि वितीवरून येणारा. एप्रिलमध्ये मी जे खालच्या थरात शोधत होते ते आज आपोआप वर आलं: आयोनोनची व्हायोलेटसारखी, किंचित पावडरची सावली. उन्हात ही सावली कळतच नव्हती. मात्र मस्क आज जरा जास्त वाटला. म्हणजे बॅच उन्हाळ्यासाठी तोललेली आहे, पावसाळ्यात तीच थोडी गोड वाटणार. दोन ऋतूंची दोन सूत्रं करायच्या मोहात पडायचं नाही. एकच, आणि मस्क अर्ध्या टक्क्याने खाली.

मावशीचा फोन. तिने बाटली तिच्या भिशीत फिरवली. “बायका म्हणायल्यात, वास चांगलाय पण मागं लागत नाही.” तक्रार म्हणून सांगत होती.

८ जून

अंतिम सूत्र, शंभर भागांत: फिनाइल इथाइल अल्कोहोल ३६, हेडिओन २५, सिट्रोनेलॉल १२, आयसो ई सुपर ९, इथिलीन ब्रासिलेट ५, जिरानिऑल ५, गॅलॅक्सोलाइड ३, नेरॉल २, बीटा आयोनोन १.५, कनौजचं गुलाब तेल ०.५, वाळ्याचं तेल ०.४, आणि उरलेल्या ०.६ मध्ये हेक्झेनॉल, रोझ ऑक्साइड, डमास्कोन, तिन्ही पातळ करून. तेलात १८ टक्के. कनौजच्या तेलाचा भाव किलोला लाखांत आहे, पण त्या अर्ध्या भागाने बाकीचे घटक एकमेकांना धरून बसतात. काढून बघितलं, सुटे सुटे वाटतात.

वापराच्या कागदावर जाणारा मजकूर:

आंघोळीनंतर कातडी थोडी ओलसर असताना बिनवासाचं तेल किंवा साधं व्हॅसलीन अगदी पातळ लावा, त्यावर कोपराच्या आत एक फिरकी. चोळू नका. साडी नंतर नेसा. गजरा घालणार असाल तर मानेला लावू नका. पहिल्यांदा वापरताना हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. उन्हात दोन तास, सावलीत तीन. स्वतःला वास येईनासा झाला तर आधी दुसऱ्याला विचारा, आपलं नाक सवयीने लवकर थांबतं. मगच परत लावा.

वहिनीने हा मजकूर वाचून “एवढं सगळं अत्तरासाठी?” म्हटलं. मजकूर तोच राहणार, अक्षरं लहान करते.

राहिलेली कामं: रोल-ऑनच्या गोळीतून तेल झिरपतंय, प्लास्टिकऐवजी स्टीलची गोळी मागवायची. बॅच महिनाभर अंधारात मुरू द्यायची, दर रविवारी रंग बघायचा. आणि डिसेंबरमध्ये पारा दहाच्या आसपास उतरला की एक बाटली रात्रभर गच्चीवर ठेवायची. गुलाब तेलातल्या मेणाचे कण तळाशी दिसले तर गुलाब तेल ०.५ वरून ०.३ वर.